वामीची शेपटी

प्रिय बेनेदिता,

पत्रात असं म्हणतात, असं ओतिलियाचं म्हणणं आहे, म्हणून आजच्यापुरती तू प्रिय. एरवी तू माझी कारटी आहेस आणि कारटीच राहशील. ओतिलिया म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची, पोस्टातून निवृत्त झालेली. इथं येऊन तिला चाळीसच वर्षं झालीत, त्यामुळे गाव तिला अजून नवीनच धरतं. मी बोलते, ती लिहिते. तिचं अक्षर फार सुरेख आहे म्हणे. मला तर वाळूवरून टिटव्या फिरून गेल्यासारखं दिसतं. मी बोलेन तेच आणि तसंच लिहायचं, सुधारून गोड करायचं नाही, अशी अट घालून तिला खुर्चीत बसवली आहे. तरी मघाशी 'कारटी' लिहिताना तिचं तोंड जरा गोड झालं, तेव्हा तिथं काय लिहिलंय ते तू मला वाचून दाखव.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार. फोनवर मी एक वाक्य बोलते आणि तू तीनदा हसतेस, त्यात माझं पुढचं वाक्य राहून जातं. कागद हसत नाही आणि मध्येच 'आजी, नंतर करते हं' म्हणून ठेवूनही देत नाही. शिवाय फोनवर मला खोटं बोलायची सवय आहे. इथं ओतिलिया चष्म्यावरून बघते, आणि एकदा शाईनं लिहिलं की ते मागे घेता येत नाही. गोष्ट एका बाईच्या नावाची आहे, बेनेदिता. दोन गल्ल्या पलीकडची एर्मेलिंडा. तिचं नाव या गावानं सहासष्ट वर्षांपूर्वी घालवलं, ते ती जिवंत असेपर्यंत तिला परत मिळायला हवं. आता तू म्हणशील, यात मी पाठवलेल्या टॉवेलाचा काय संबंध? सांगते. म्हातारीला वाटेत बसत बसत चढू दे.

पार्सल मिळालं. सहाच्या सहा नमुने धडके आले. जुन्या काळचे हौशी प्रवासी गावोगाव फिरले, काचांवर फोटो काढले, पेट्यांत भरून घरी नेले आणि मरून गेले. आता तुमचा गिमारायेशचा कारखाना त्यांचे फोटो टॉवेलांवर छापतो, आणि त्या सगळ्याची मुख्य कोण, तर आमची नात! मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. लहानपणी तुझ्या आईला झोप लागेपर्यंत तू चित्रंच काढत असायचीस, भिंतीवर, पाटावर, एकदा माझ्या पायावर. पिरॅमिड आणि उंटवाला टॉवेल फादरनी मागून नेला. परवा पाहिलं तर फारोच्या थडग्यावर पालथे पडून पाठ शेकत होते. नॉर्वेच्या बर्फाचा मी शेजारच्या लुर्देशला दिला. तिला अंगाची आग होते ना, ती म्हणाली, पुसायची गरजच नाही ग झुल्मिरा, नुसतं बघितलं तरी थंड वाटतं. आणि आपल्या किनाऱ्याचा जो होता, तो मात्र मी कुणाला दिला नाही. अंगणातल्या दोरीवर चार चिमटे लावून टांगला. पाण्यात घालायची छाती होईना. माझी आई आहे त्याच्यावर, तिच्या तोंडावर ओल्या बुडानं कोण बसणार?

सगळी गल्ली बघायला आली. बारा बायका वाळूत रांगेनं बसलेल्या, डोक्यावर शाली, माना खाली, मागे समुद्र. ओतिलियानं टॉवेलाभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी हातात घेतली आणि घसा साफ करून वाचलं: 'वाट पाहणाऱ्या. समुद्रावर गेलेल्या धन्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या कोळिणी, १९५६.' बेनेदिता, मी एवढी हसले की वरची कवळी कॉफीत पडली. अगं, धनी तिथंच होते! फोटोच्या जरा डावीकडं उभे राहून जाळी झटकत होते आणि एकमेकांच्या आईचा उद्धार करत होते. आणि डोळे कसले लावतात वाटेकडे? डोळे खाली होते, कारण बुडाखाली तारल्या होत्या.

आता तुला आठवत असेल, गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलं होतंस, 'आजी, त्या बायका वाट बघत होत्या ना ग?' आणि मी म्हटलं, 'हो हो, बिचाऱ्या.' तू खूष झालीस. मला चुलीवरचं सूप उतू जायच्या आत फोन ठेवायचा होता. हो म्हटलं की सुटका लवकर होते, हे मी लहानपणीच शिकले. अक्षरं नाही शिकले, हे शिकले.

रांगेचं खरं काय ते ऐक. बोटी किनाऱ्याला लागल्या की टेकाडावरच्या चौकीतून नाकेदार उतरून यायचा. मासळी मोजायची, सरकारचा वाटा काढायचा, मग लिलाव. सरकारचा गेला, बोटमालकाचा गेला, जाळ्याचा गेला, की खलाशाच्या घरी जे यायचं ते मांजरसुद्धा हुंगून सोडून द्यायचं. म्हणून नाकेदार खाली पोचायच्या आत चांगली मासळी ओल्या वाळूत उथळ पुरायची आणि तिच्यावर बायकांनी बसायचं. आमचे घागरे त्या काळी सहा-सात, एकावर एक, लोकरीचे, त्यांच्याखाली अख्खी होडी लपली असती. बसायचं, डोक्यावरून शाल घ्यायची आणि जपमाळ ओढायची. प्रार्थना करणाऱ्या बाईला ऊठ म्हणायची कुठल्या नाकेदाराची छाती नव्हती. एकानं म्हटलं होतं, त्याची डोंगरात बदली झाली आणि तिथं त्याला लांडग्यानं खाल्लं. हे खरं नसेल, पण प्रत्येक नव्या नाकेदाराला आम्ही ते आवर्जून सांगायचो.

रांगेला शिस्त होती. एका रांगेत एकाच बोटीच्या बायका. दुसऱ्या बोटीच्या पोरीला रांगेत घेणं म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हातात देणं. रांगेत फट नको, फट दिसली की नाकेदाराचा डोळा आत शिरतो. आणि वामीवर कधी बसायचं नाही. तारली मेली की मेली, गरीब जीव. वाम म्हणजे हातभर लांबीचा हट्ट. डोकं ठेचलं तरी दुपारपर्यंत वळवळते. हा फोटो निघाला त्या दिवशी मी यातल्या दोन गोष्टी मोडल्या. फट नको म्हणून परकी पोर आणली, आणि वामीचं कालवण आवडतं म्हणून वामीवर बसले. पंधरा वर्षांची होते. त्या वयात अक्कल केसांत असते आणि केस मी नुकतेच धुतले होते.

माझ्या शेजारी आतेबहीण लाउरिंदा बसायची, ती तापानं फणफणली होती. जागा रिकामी. नाकेदार टेकाड उतरू लागलेला. एर्मेलिंडा समोरच्या बांधावर बसून जाळ्याची गाठ सोडवत होती. तिच्या बापाची बोट त्या दिवशी गेलीच नव्हती. आम्ही दोघी म्हणजे त्या काळी एका ताटात जेवणाऱ्या. मी हात केला, 'ये ग, नुसतं बूड टेक इथं.' ती म्हणाली, 'तुझी आई काय म्हणेल?' मी म्हटलं, 'आईनंच सांगितलंय.' आली बिचारी. शाल घेतली, मान घातली, हातात जपमाळ नव्हती तर जाळ्याची दोरीच मोजायला लागली.

त्याच दिवशी हा फोटो काढणारा स्वित्झर्लंडचा डॉक्टर किनाऱ्यावर आला होता. पांढरी टोपी, तीन पायांवर उभी पेटी, पेटीवर काळं फडकं. त्यानं आमच्याकडे पेटी वळवली, फडक्यात डोकं घातलं, काढलं, काहीतरी दाबलं. नाकेदार नवा होता, डोंगरातला, असलं काही त्यानं पाहिलेलं नव्हतं. जत्रेतल्या पोरासारखा जाऊन तिथं उभा राहिला. डॉक्टरनं हसून त्यालाही फडक्यात डोकं घालू दिलं. नाकेदार बराच वेळ आत होता. बाहेर आला तो टोपी नीट करून सरळ आमच्याकडे चालत आला. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, सरळ माझ्यासमोर. 'पोरी, ऊठ.' मी उठले. मग आई उठली. मग एकेक करून सगळ्या. अकरा घागऱ्यांखालून मासळी निघाली आणि बाराव्याखालून निघाली रिकामी वाळू. सगळी मासळी आमच्याच डोक्यावरून त्यानं चौकीपर्यंत वाहून न्यायला लावली, तिथं ढीग करायला लावला आणि त्याच्यावर रॉकेल ओतलं, कुणी खाऊ नये म्हणून. आठ दिवस गल्लीत नुसते बटाटे शिजत होते, आणि वाऱ्याला रॉकेलचा वास होता.

कुणीतरी सांगितल्याशिवाय माणूस इतका सरळ चालत येत नाही, असं बायकांचं ठरलं. आणि मग ती रिकामी वाळू सगळ्यांना आठवली. एर्मेलिंडाची मावशी चौकीवरचे कपडे धुवायची, तेही आठवलं. झालं. दुसऱ्या दिवशीपासून तिचं नाव पडलं नाकेदारीण.

आता नाव पडलं म्हणजे काय, हे तुला गिमारायेशात बसून कळायचं नाही, तिथं तुम्ही एकमेकांना खऱ्या नावांनी हाका मारता. तिला कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त टोपलीला हात लावायचं बंद केलं. भरलेली टोपली एकटीनं डोक्यावर चढत नाही, बाई. दुसरीनं पलीकडून हात लावावा लागतो, समोरची शत्रू असली तरी लावायचा असतो. एर्मेलिंडाच्या टोपलीला कुणी लावेना. तिनं चॅपलमागचा एक बांध शोधून काढला, तिच्या खांद्याएवढा. टोपलीतली मासळी दोन खेपांत तिथं न्यायची, टोपली बांधावर ठेवायची, भरायची आणि मग गुडघे वाकवून खाली शिरायचं. वर्षानुवर्षं मी ते रोज पाहिलं. पाहिलं म्हणजे, मान वळवून पाहिलं. तिचं लग्न झालं तेही शेजारच्या गावातल्या माणसाशी. इथल्या आया नाकेदारणीला सून करून घेईनात. आणि नाव तर काय, आईकडून मुलांकडे उतरतं. तो एवारिश्तू आहे ना, किनाऱ्यावर कॉफीचं दुकान चालवतो, लाटांवर फळी घेऊन नाचतो, तो तिचा नातू. तिशीचा बाप्या, त्यालाही पोरं म्हणतात, 'नाकेदारणीचा, एक कॉफी!' त्याला कारणही माहीत नाही. त्याला वाटतं, आजीचा बाप सरकारी नोकरीत होता.

माझा गुडघा बरा आहे. मांजरीनं चार पिल्लं घातली, त्यातलं एक ओतिलियासारखं दिसतं, रागीट आणि स्वच्छ. तुझ्या मामेभावानं लग्न पुन्हा पुढं ढकललं. पोरगी म्हणे आधी घर दाखव, शहाणी आहे. पंधरा ऑगस्टच्या देवमातेच्या मिरवणुकीला होड्या सजवायला यंदा कागदाची फुलं कमी पडणार आहेत, तर येताना घेऊन ये, लाल आण, गेल्या वर्षी निळी आणलीस ती समुद्रावर दिसलीच नाहीत. ओतिलियानं लेखणी खाली ठेवली आहे. म्हणते, 'झुल्मिरा, मांजर पुरे. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर काय झालं ते सांगणार आहेस का नाही?' या बाईला पोस्टात ठेवून सरकारनं चूक केली, हिला चौकीवर ठेवायला हवं होतं.

बरं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर माझ्या आईनं विचारलं, सगळ्या बायकांसमोर, 'ती पोर आपल्या रांगेत आली कशी?' एर्मेलिंडा तिथंच होती, घागर धरून. तिनं माझ्याकडे बघितलं. आईचा हात कसा होता ते तुला माहीत नाही. तुझ्या पणजीनं एकदा चपराक मारून बोटमालकाचं घड्याळ बंद पाडलं होतं. मी म्हटलं, 'आपणहून येऊन बसली.' एवढंच. तीन शब्द. एर्मेलिंडानं नुसती घागर भरली आणि गेली. त्यानंतर मी माझी समजूत काढायला लागले. बोलावली मी, पण चुगली तिनं केली नसेलच असं कशावरून? नाकेदार उगाच का सरळ आला? कुणीतरी सांगितलंच असणार. रोज थोडं थोडं म्हटलं की माणसाला स्वतःचं पटतं. शेवटी शेवटी तर मला तिचा खरंच राग यायचा. तुझ्या आजोबांना मी बेचाळीस वर्षांच्या संसारात सगळं सांगितलं, त्यांना नको होतं तेसुद्धा. हे नाही सांगितलं.

आणि मग तू टॉवेल पाठवलास. गल्ली येऊन बघून गेली, मी खुर्ची टाकून शेंगा सोलत बसले. सकाळचं ऊन टॉवेलाच्या मागून येत होतं. माझं लक्ष आधी माझ्यावरच गेलं, खोटं कशाला बोलू. अकरा बायकांच्या माना खाली आणि चौथी एकटी हनुवटी वर करून पेटीकडे बघतेय, केस शालीबाहेर काढून, जशी काही लिस्बनची राणी. सुंदर होते हं मी. अशी कौतुकानं बघता बघता डोळे खाली उतरले. मला अक्षर कळत नाही, पण मासळीचं टोक कुठंही ओळखते. माझ्या घागऱ्याच्या कडेखालून वीतभर शेपटी बाहेर आली होती. चपटी, काळी, किंचित वाकलेली. वळवळत असणार तेव्हा. ती जाणवलीही होती मला. वाटलं, होईल शांत, एकदा फोटो होऊन जाऊ दे. फोटो एवढासा असता तर ती दिसलीही नसती. तुम्ही माणसाच्या उंचीएवढा केलात. म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. नाकेदारानं फडक्यात डोकं घातलं आणि पेटी जिथं बघत होती तिथं बघितलं, बस्स.

पण शेपटी ही अर्धी गोष्ट. पाचवी बाई, म्हणजे माझ्या शेजारची, वाकली आहे. गल्लीतल्या बायकांना वाटलं, रडतेय. तू पट्टीवर 'वाट पाहणाऱ्या' लिहिलंस तेही तिला बघूनच लिहिलं असशील, सगळ्यांत दुःखी तीच दिसते. ती रडत नाहीये, बेनेदिता. तिचा हात बघ. स्वतःच्या घागऱ्याची कड दोन बोटांत धरून ती माझ्या शेपटीवर ओढतेय. एर्मेलिंडाच ती. ज्या घटकेला मी राणी झाले होते त्या घटकेला ती मला झाकत होती. शेंगा मांडीवरून कधी सांडल्या ते कळलं नाही.

मी टॉवेल काढला, घडी केली आणि गेले. दोन गल्ल्या. ती दारात बसून लसूण सोलत होती. वर न बघता म्हणाली, 'आलीस? सहासष्ट वर्षं लागली दोन गल्ल्या यायला. गुडघा दुखत असेल.' मी टॉवेल तिच्या मांडीवर पसरला. तिनं लसणाचे हात घागऱ्याला पुसले, चष्मा लावला आणि एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं झोपली. मग बोट ठेवून म्हणाली, 'ही बघ शेपटी! तेव्हा कानाशी सांगत होते, दाबून बस ग, दाबून बस. पण बाईसाहेबांचा फोटो निघत होता.' मी विचारलं, 'मग तू बोलली का नाहीस? पाणवठ्यावर? नंतर कधी?' तर माझ्याकडे असं बघितलं जशी मी वेडीच आहे. म्हणाली, 'मी काय बोलणार? झुल्मिरानं बोलावलं, झुल्मिराची शेपटी दिसली, असं सांगायचं? ती चुगली झाली असती.' आणि पुन्हा लसूण घेतला. 'मला वाटायचं, तू सांगशील. आज नाही तर उद्या. मग तुझं लग्न झालं. म्हटलं, पोरंबाळं होऊ देत, मग सांगेल. मग म्हटलं, म्हातारी झाली की सांगेल, तेव्हा कुणाचं भय नसतं.' तुझ्या त्या अख्ख्या रांगेत कुणीच धन्याची वाट बघत नव्हतं ग. वाट बघणारी एकच निघाली, आणि ती माझी बघत होती.

मी रडले. ती नाही रडली. म्हणाली, 'लसणानं होतं असं.' मग मक्याचा पाव पुढं केला, दगडासारखा, आणि माझ्या कवळीची मजा बघत बसली. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणते, 'माफी ठेव तुझी, मला कुठं ठेवायला जागा आहे? करायचंच असेल तर एवारिश्तूला नाकेदारणीचा म्हणतात ते थांबव.' मी म्हटलं, एवढंच ना? रविवारी मिसा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, शेपटीसकट. काय झालं असेल? लुर्देश म्हणाली, 'ऊन लागलंय तिला, सावलीत न्या.' दुसरी म्हणाली, 'किती मोठं मन झुल्मिराचं, म्हातारपणी नाकेदारणीचा दोष स्वतःवर घेते.' बघ म्हणजे! खोटं बोलले तेव्हा तीन शब्दांत पटलं आणि खरं बोलले तर मी संतीण झाले. टॉवेल दाखवला तर म्हणतात, घडी आहे ती, सावली आहे ती. त्या रांगेतल्या आता आम्ही दोघीच उरलो आहोत, मला खरं ठरवायला कुणी नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिच्यासाठीच हे पत्र आहे. तुझ्या पट्टीवरचं ओतिलियानं वाचून दाखवलं आणि दोन दिवसांत गल्लीतल्या बायका सांगायला लागल्या, आमच्या आज्या कशा वाट बघत बसायच्या! आपल्या आज्या मासळीवर बसायच्या हे ज्यांनी जन्मभर ऐकलं, त्यांनी! या गावात बोललेलं वाऱ्यावर जातं. छापलेलं मात्र फादरपेक्षा जास्त मानतात. तू म्हणाली होतीस की हे नुसते नमुने आहेत, दुकानांसाठीच्या पट्ट्या सणानंतर छापायच्या आहेत. तर ती पट्टी बदल. तुझा साहेब म्हणेल, वाट बघणाऱ्या बायका जास्त खपतात. त्याला सांग, वामीवर बसलेली त्याहून जास्त खपेल, आणि नाही खपली तर उरलेले मी गावात वाटीन. ओतिलियाला मी सांगते ते जसंच्या तसं, वर आपल्या भाषेत, खाली फ्रेंच लोकांसाठी आणि इंग्रजांसाठी छाप: 'डावीकडून चौथी, मान वर केलेली, ती झुल्मिरा. तिच्याखाली लपवलेली वाम आहे आणि तिची शेपटी दिसते आहे. पाचवी, वाकलेली, ती एर्मेलिंडा. तिला झुल्मिरानं बोलावून आणलं होतं. ती शेपटी झाकते आहे. तिनं कुणालाही काहीही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.' ओतिलिया म्हणते, पट्टीवर एवढं मावायचं नाही. जागा कमी पडली तर माझं नाव गाळ, तिचं राहू दे.

तुझीच,
आजी झुल्मिरा